जुनी गाडी घाटात वाजायला लागली की जास्त नंबरचं पेट्रोल का मागते

प्रश्न असा आलाय की घरात वडिलांची प्रीमियर ११८ एनई आहे, नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली. मे महिन्यात चौघंजण सामान भरून कोकणातनं परत येत होते, करूळ घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालनं खडखड आवाज यायचा, गगनबावड्याला वर आल्यावर कमी झाला आणि कोल्हापुरात तर येतच नाही. पंपावर कुणीतरी सांगितलं ९५ नंबरचं म्हणजे ९५ ऑक्टेनचं टाका, पुढच्या वेळी टाकलं तर आवाज थोडा कमी झाला. वडील म्हणतात पूर्वी हीच गाडी हाच घाट साध्या पेट्रोलवर चढायची. मग आता हिला महागडं पेट्रोल कायमचं लागणार का, आणि का लागतंय?

भावा, यात सगळ्यात कामाचं वाक्य तुझ्या वडिलांचं आहे, ते धरून ठेव. नव्वदच्या दशकात आपल्याकडं साधं पेट्रोल ८७ नंबरचं मिळायचं आणि वरचं ९३. आज साध्या पेट्रोलचा नंबर किमान ९१ आहे, आणि आता २० टक्के इथेनॉल मिसळून येतंय त्यामुळं तो ९५ च्या आसपास जातो असं सरकारनंच सांगितलंय. म्हणजे पेट्रोल पहिल्यापेक्षा चांगलं झालंय तरी गाडी वाजतीय. मग बदललं काय, इंजिन बदललं. तीस वर्षांत इंजिनची भूक वाढत गेली आणि ती का वाढली ते शोधायचं सोडून आपण जास्त नंबरचं पेट्रोल ओततोय. मी गेली ३५ वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिनची कामं करतोय, सुरुवातीला मी पण लोकांना हेच सांगायचो, वरचं पेट्रोल टाका. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो.

आधी आवाज कशाचा ते समजून घे. प्लगला स्पार्क पडला की आत स्फोट होतो असं आपण बोलतो पण स्फोट होत नाही आणि व्हायला नको पण. जाळ प्लगपाशी सुरू होतो आणि चेंबरभर म्हणजे पिस्टनच्या वरच्या जागेत सरकत जातो, ऊस गेल्यावर रानात पाचट पेटवल्यावर जाळ एका कडेनं सरकत जातो ना तसाच. आता जाळ पुढं सरकतोय तसतसं पलीकडच्या कडेला राहिलेलं मिक्श्चर म्हणजे पेट्रोल आणि हवा दाबलं जातंय, तापतंय. जाळ तिथं पोचायच्या आधीच ते तापून आपोआप एकदम भडकलं तर त्याचा दणका पिस्टनला आणि हेडला म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला बसतो, आणि तो दणका म्हणजे तुला ऐकू आलेली खडखड. त्यालाच नॉकिंग म्हणायचं, काही मेस्त्री पिंगिंग म्हणतात. हे सगळं किती वेळात होतंय बघ, ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेते म्हणजे १८,००० डिग्री, आणि जाळ पसरायला ४०-४५ डिग्री लागतात म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग. एवढ्या वेळात शेवटच्या कोपऱ्यातल्या मिक्श्चरनं दम धरायचा असतो. आरपीएम १५०० वर आलं, गाडी वरच्या गिअरला रडत चढतीय आणि पाय पूर्ण दाबलाय, तर दाब जास्तीत जास्त आणि तापत बसायला वेळ पण जास्त. म्हणून नॉकिंग घाटात येतं, हायवेला ८० नं पळताना येत नाही.

ऑक्टेन म्हणजे हा दमच. एका सिलिंडरचं, कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन मिक्श्चर किती पट दाबतो ते कमीजास्त करता येणारं टेस्ट इंजिन असतंय, त्यात आयसोऑक्टेनला १०० धरलंय आणि हेप्टेनला ०. ९१ नंबर म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन मिसळल्यावर जेवढा दम धरतंय तेवढा त्या पेट्रोलनं धरला. यात ताकद किती, मायलेज किती याचा काही संबंध नाही. जास्त नंबरच्या पेट्रोलात जास्त शक्ती भरलेली असते हा समज डोक्यातनं काढून टाक. दुसरं एक, अमेरिकेतले व्हिडीओ बघून पोरं येतात की तिकडं तर ८७ च चालतंय मग आपलं ९१ म्हणजे भारीच. तिकडचा नंबर दोन वेगवेगळ्या टेस्टची सरासरी असतो, आपला फक्त एका टेस्टचा, त्यामुळं त्यांचं ८७ आणि आपलं ९१ जवळजवळ एकच. जुन्या इंपोर्टेड गाडीचं मॅन्युअल वाचताना हे बघूनच वाच.

आता जुन्या गाड्यांत दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते तिथंच घोळ होतो.

एक म्हणजे जन्मापासूनच जास्त नंबर मागणाऱ्या. हे कळायला थोडं मागं जावं लागतंय. फोर्ड मॉडेल टीचं कॉम्प्रेशन चारच्या आसपास होतं कारण त्या वेळच्या पेट्रोलला दमच नव्हता. १९२१ साली जनरल मोटर्सच्या लॅबमध्ये थॉमस मिजलीला सापडलं की टेट्राइथाइल लेड म्हणजे शिशाचं एक संयुग अगदी थोडंसं जरी पेट्रोलात टाकलं तरी नॉकिंग थांबतंय. ते विषारी होतं, ते बनवताना कामगार मेले, तरी पुढची पन्नासेक वर्षं जगभर त्याच्यावर गाड्या चालल्या. शिसं आलं तसं इंजिनवाल्यांनी कॉम्प्रेशन वाढवलं, कारण कॉम्प्रेशन वाढलं की तेवढ्याच पेट्रोलात जास्त काम निघतंय. साठच्या दशकात अमेरिकेत दहा, साडेदहा, अकरा कॉम्प्रेशनच्या गाड्या निघाल्या, शंभरच्या घरातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या. मग १९७१ ला जनरल मोटर्सनंच कॉम्प्रेशन खाली आणलं, कारण शिसं जाणार हे दिसत होतं. आपल्याकडं १९९५ ला चार महानगरांत बिनशिशाचं आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं.

त्या काळात एकच इंजिन देशोदेशीच्या पेट्रोलप्रमाणं वेगळ्या कॉम्प्रेशनचं निघायचं. आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीची बी सिरीज. पण ॲम्बेसेडरला कॉम्प्रेशन सात-सव्वासात, त्यामुळं ती कसल्याही पेट्रोलवर चालली, आणि एमजीबीला ८.८, तिला इंग्लंडात वरच्या नंबरचं लागायचं. जॅग्वारची पण तीच गोष्ट, मार्क २ ला सात, आठ आणि नऊ असे वेगवेगळे पिस्टन मिळायचे. म्हणून कुणी मला विचारलं की जुन्या गाडीला जास्त ऑक्टेन लागतंय का, तर मी आधी विचारतो कुठली जुनी. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही जुनी जर्मन गाडी दसरा चौकात येते, तिच्या काळातली इंजिनं साधारण सहाच्या आसपास कॉम्प्रेशनची. विलिज जीप साडेसहाच्या आत, जुनी लोखंडी बॅरलची बुलेट ३५० साडेसहा. यांना ९५-१०० नंबरचं टाकणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं, कारण यांना दम पाहिजेच नाही. सेकंडहँड इंपोर्टेड स्पोर्ट्स कार असेल, नऊ-दहाच्या वरचं कॉम्प्रेशन असेल, मॅन्युअलमध्ये ९७-९८ लिहिलं असेल तर मात्र तिला ते द्यायचंच, तिथं काटकसर करायची नाही.

नवीन गाड्यांचं कॉम्प्रेशन तर दहा-अकराच्या वर असतंय मग त्या साध्या पेट्रोलवर कशा चालतात असं तू म्हणशील. त्यांना ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, खडखड तुला ऐकू यायच्या आधी तो ओळखतो आणि कंप्युटर स्पार्क दोन-चार डिग्री मागं घेतो. शिवाय ॲल्युमिनियमचं हेड, चांगला आकार दिलेला चेंबर, प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल. तुझ्या ११८ एनईला सेन्सर-बिन्सर काहीच नाही. एक कार्बोरेटर चौघांना वाटून देतोय, एखादा सिलिंडर कायम लीन म्हणजे कमी पेट्रोलवर चालतोय, आणि स्पार्क कधी पडायचा ते डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा ठरवणार. आवाज ओळखणारा सेन्सर म्हणजे ड्रायव्हरचा कान.

आता दुसरी जात, आणि तुझी गाडी त्यातली आहे असं मला तू सांगितलेल्यावरनं वाटतंय. जन्मतः साधं पेट्रोल चालायचं, वयानं भूक वाढली.

पहिलं कारण कार्बन. पिस्टनच्या डोक्यावर आणि चेंबरमध्ये काळा थर बसतो, गावात पाच-सहा किलोमीटर चालवून बंद करणाऱ्या गाडीत जास्तच बसतो. तो थर जागा व्यापतो त्यामुळं कॉम्प्रेशन थोडं वाढतंय, पण त्याहून मोठं म्हणजे तो गोधडीसारखं काम करतो, आतली उष्णता हेडमध्ये जाऊ देत नाही आणि पुढच्या फेरीत आत आलेलं मिक्श्चर आधीच तापवतो. नवीन इंजिनला जो नंबर पुरतो तो काही हजार किलोमीटरनंतर नुसत्या कार्बननं चार-पाचनं वर जाऊ शकतो. त्यात व्हॉल्व्हचे गाईड आणि सील गेले असतील, रिंगा झिजल्या असतील तर ऑईल आत येतंय. ऑईल कार्बन तर करतंच पण ऑईलचा स्वतःचा दम फारच कमी, मिक्श्चरमध्ये थोडं जरी मिसळलं तरी पेट्रोलचा नंबर पाडतंय. सकाळी स्टार्ट करताना किंवा घाट उतरून परत ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर दिसतो का बघ.

दुसरं कारण आमच्याच लोकांनी केलेलं आणि मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय. हेड फेसिंग. जुनी गाडी एकदा तापते, हेड वाकतं, पॅकिंग जातं, मग हेड लेथवर किंवा मिलिंगला जातंय आणि फेस मारून म्हणजे खालची बाजू सपाट कापून येतंय. दहा वर्षांनी परत तेच, दुसरा मालक, परत तेच. प्रत्येक वेळी किती निघालं हे कुणी लिहून ठेवत नाही. फियाटचा हिशोब करून दाखवतो, कारण तो माझ्या हातनं झालाय. फियाट म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी, तिचं इंजिन १०८९ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला २७२. पिस्टन वर आल्यावर ४३ सीसी जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन ७.३. आता तीन फेसिंगमध्ये मिळून चेंबरची जागा ५ सीसीनं कमी झाली, ३८ राहिली, तर कॉम्प्रेशन ८.१ च्या वर गेलं. मालकाला माहीत नाही, मेस्त्रीला माहीत नाही, आरसी बुकावर इंजिन तेच. पण गाडी आता दुसऱ्याच पेट्रोलची झाली.

ती फियाट माझ्याकडं आली तेव्हा मी नवखा होतो, आवाज ऐकला आणि मालकांना म्हणालो काका वरचं पेट्रोल टाकत जावा. आवाज गेला, काका खूश. दोन वर्षांनी आंबा घाटातनं टो करून आणली. हेड उचललं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली आणि रिंगांच्या मधली पट्टी तुटलेली. चेंबरमध्ये ब्युरेटनं म्हणजे मापाच्या नळीनं तेल सोडून माप घेतलं तेव्हा कळलं हेड किती कापलं गेलं होतं, आणि वर टायमिंग म्हणजे स्पार्क पडायची वेळ पण चार डिग्री पुढं होती. चांगल्या पेट्रोलनं फक्त आवाज ऐकू येण्याइतका राहिला नाही, आतलं चालूच होतं. काका रिटायर्ड माणूस, त्यांच्या रिबोरचा खर्च माझ्या एका वाक्यामुळं झाला हे मी विसरलो नाही. तेव्हापासून कुठलंही हेड फेसिंगला गेलं की मी चेंबर मोजतो आणि आकडा बिलावर लिहून देतो, जास्त कापलं असेल तर जाड पॅकिंग घालायला सांगतो. उद्यमनगरात हे मोजून देणारी माणसं आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे, मागून घ्यायचं.

तिसरं टायमिंग. बहुतेक जण कानानं टायमिंग लावतात, डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, इंजिन हलकं पळायला लागलं की टाईट करायचा. उभ्या गाडीत ते छान वाटतंय पण लोड आला की ते पुढं गेलेलं असतंय. शिवाय आतल्या वजनांच्या स्प्रिंगा तीस वर्षांत ढिल्या पडतात, मग जो ॲडव्हान्स म्हणजे स्पार्क आधी पडणं ३००० आरपीएमला यायचा तो १५००-१८०० लाच पूर्ण येतो, नेमका घाटात खेचताना. पुलीला रबराचा रिंग असलेला डँपर असेल तर बाहेरची रिंग सरकते आणि टायमिंगची खूणच खोटी होते, लाईट मारून पण चुकीचं दिसतंय, तिथं आधी एक नंबरचा पिस्टन टॉपला आणून खूण खरी आहे का बघायची. ढोबळमानानं एक डिग्री मागं घेतलं की साधारण एका नंबरची भूक कमी होते. म्हणजे टायमिंग चार डिग्री पुढं असेल तर ९१ आणि ९५ मधला सगळा फरक तू पंपावर भरतोयस. पण उलटं पण करू नको, भीतीनं फारच मागं घेतलं तर एक्झॉस्ट तापतो, गाडी मरगळते आणि पेट्रोल जास्त खाते.

चौथं पाणी. बोअरचं पाणी रेडिएटरला वर्षानुवर्षं घातलंय, ब्लॉकमध्ये क्षार बसलाय, मागच्या सिलिंडरपर्यंत पाणी नीट फिरत नाही. काटा मध्यावरच दिसतो कारण सेन्सर पुढं असतोय. गरम भिंतीच्या सिलिंडरमध्ये तेच पेट्रोल आधी भडकतंय. कूलंट आणि साधं डिस्टिल्ड पाणी वापर, रेडिएटर एकदा रॉडिंग करून म्हणजे नळ्या सळीनं साफ करून घे.

प्लग चुकीच्या हीट रेंजचा, कार्बोरेटर लीन, हे पण आहेच, ते चेक करायला दहा मिनिटं लागतात. इथं इथेनॉलचं सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, कारखान्यांच्या डिस्टिलरीतनं निघालेलं इथेनॉल पेट्रोलात जातंय, त्याचा स्वतःचा नंबर १०८ च्या आसपास, त्यामुळं नॉकिंगच्या बाबतीत ते जुन्या गाडीला मदतच करतंय. पण त्याच्या अंगात ऑक्सिजन आहे, त्यामुळं जुन्या जेटवर म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर मिक्श्चर लीन पडतंय. इंजेक्शनवाली गाडी ते स्वतः सांभाळते, कार्बोरेटरला कोण सांगणार. प्लगचं पोर्सिलिन पांढरंफटक दिसत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघ, आणि जुने रबरी पाईप, पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे बसव, हे ऑक्टेनपेक्षा जास्त तातडीचं आहे.

तू म्हणालास कोल्हापुरात येत नाही आणि करूळला येतं. याचं कारण नुसता चढ नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं हवेचा दाब कोकणापेक्षा साधारण ६ टक्के कमी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कमी भरते आणि दाब कमी बनतो. घाटाच्या पायथ्याला पूर्ण दाबाची, मे महिन्याची तापलेली हवा, गाडीत चौघं आणि सामान. वर येईल तसा आवाज कमी झाला हे त्यामुळंच. म्हणजे तुझं इंजिन आज काठावर उभं आहे, इथं पुरतंय, तिथं पुरत नाही. ही चांगली गोष्ट आहे, अजून वेळ गेलेली नाही.

एक धोक्याची गोष्ट वेगळी काढून सांगतो. चावी बंद केल्यावर पण इंजिन दोन-चार फेरे धडधडत राहत असेल तर आत कार्बनचा एखादा तुकडा निखाऱ्यासारखा लाल राहतोय. तो स्पार्कच्या आधीच पेटवायला लागला तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. प्लग काढून भिंगानं बघ, पोर्सिलिनवर चकचकीत बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, मग गाडी चालवत आणू नको, टो करून आण.

आणि बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरच्या मागं लागू नको. डब्यावर दहा पॉइंट वाढ लिहिलेलं असतंय, तिथं एक पॉइंट म्हणजे ०.१ नंबर, म्हणजे वाढ एकाची. काहींत लोखंडाचं संयुग असतंय, त्यानं प्लग तांबूस होऊन मिसफायर करतो. शिसं गेल्यामुळं व्हॉल्व्ह सीट झिजून खाली बसतात ही तक्रार खरी आहे, पण तिला ऑक्टेन उपयोगी नाही, हेड उतरवल्यावर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्यायच्या एवढाच इलाज.

आता तू काय करायचं. पुढचा कोकण दौरा होईपर्यंत ९५ चं टाकायला हरकत नाही, घाटात दुसऱ्या गिअरला ये, आरपीएम २५०० च्या वर ठेव, आवाज आला की पाय उचल. इ-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा नंबर तसा ९५ च्या जवळच असल्यामुळं ९५ नं फार फरक पडणार नाही, तुला आवाज थोडाच कमी वाटला तो त्यामुळं. मधल्या काळात टायमिंग लाईट लावून आयडलला किती आणि २००० ला किती ॲडव्हान्स येतोय हे दोन आकडे लिहून घे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं घे. चारही सारखेच जास्त आले तर हेड कापलेलं किंवा कार्बन, एखादाच जास्त आला तर त्या सिलिंडरमध्ये ऑईल येतंय. टायमिंग कंपनीच्या आकड्यावर आण, हायवेला एकदा कागलच्या पुढं निपाणीपर्यंत चांगली पळवून आण, त्यानं सुटा कार्बन जातो. एवढ्यावर नव्वद टक्के गाड्या गप्प होतात असं मी माझ्या गॅरेजमधलं सांगतो. नाही झाली तर हेड उतरवावं लागेल, आणि उतरवलंस की फेसिंगच्या आधी एक आणि नंतर एक असा चेंबरचा आकडा मागून घे, वडिलांना विचार आजपर्यंत हेड किती वेळा उतरलंय, त्यांना आठवेल, आणि ते सगळं गाडीच्या कागदात एका चिठ्ठीवर लिहून ठेव.